आठ जीबीची मुलाखत एक जीबीत, आणि तीही घरातल्या घरात

प्रश्न थोडक्यात असा: आजीची ४८ मिनिटांची मुलाखत फोनवर ४के मध्ये रेकॉर्ड केली आहे. फाइल साधारण ८ जीबीची. नातेवाइकांना पाठवायची म्हणून ती १ जीबीच्या आत बसवायची आहे, पण चेहरा आणि आवाज बिघडायला नको. बोलण्यात घरातल्या काही नाजूक गोष्टी आल्या आहेत, त्यामुळे ‘फुकट कॉम्प्रेस करा’ म्हणणाऱ्या वेबसाइटवर चढवायला मन धजत नाही. काय करावं?

मन धजत नाही ते बरोबरच आहे. चढवू नका. साइट चांगली की वाईट या वादात मी शिरतच नाही. ‘तासाभरात फाइल डिलीट करतो’ हे वाक्य खरंही असेल, पण ते तुम्हाला पडताळता येत नाही. बॅकअपमध्ये प्रत राहिली का, मधल्या तासात कुणी पाहिली का, हे कळायला मार्ग नाही. शिवाय साधा हिशोब करा. एका बाइटचे आठ बिट, म्हणून ८ जीबी म्हणजे ६४,००० मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर नुसती चढवायलाच पावणेदोन तासांच्या वर जातील. तेवढ्या वेळात घरचा बराचसा जुना लॅपटॉपसुद्धा हे काम उरकतो, किंवा निदान उरकत आणतो.

आता साइजकडे. फाइलची साइज फक्त दोन गोष्टींवर ठरते: बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारे बिट, आणि कालावधी. रिझोल्यूशन, कोडेक (व्हिडिओ आवळण्याची पद्धत), फ्रेम रेट हे सगळे बिटरेटच्या मागे उभे राहून धक्का देणारे. आयफोनवर ‘हाय एफिशिअन्सी’ प्रकारात ४के, ३० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला साधारण १७० एमबी घेतो. ४८ मिनिटांचे ८ जीबी तिथेच येऊन पोचतात, म्हणजे तुमची फाइल बहुधा आधीच एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ या कोडेकमध्ये आहे. त्याचा बिटरेट सेकंदाला बावीस-तेवीस मेगाबिट होतो. तुम्हाला हवा १ जीबी, म्हणजे ८,००० मेगाबिट. त्याला २,८८० सेकंदांनी भागा, पावणेतीन मेगाबिट येतात. आठातले सात भाग काढून टाकायचे आहेत.

हे ऐकून घाबरायला होतं, पण ८ जीबी हीच मुळात खूप आवळलेली फाइल आहे हे लक्षात घ्या. ४के ची एक कच्ची फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, प्रत्येकाला तीन बाइट. जवळपास २५ एमबी. सेकंदाला अशा तीस. मिनिटाला सुमारे ४५ जीबी, आणि ४८ मिनिटांना दोन हजार जीबीच्या वर. फोनने हे सगळं रेकॉर्ड करता करताच ८ जीबीवर आणलं. हजारातले ९९६ भाग कधीच गेलेले आहेत आणि तुम्हाला काही कमी पडल्यासारखं वाटलेलं नाही. म्हणून ‘क्वालिटी अजिबात न घालवता’ या शब्दांत अडकू नका. काय गेलं तर डोळ्याला कळणार नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि म्हणूनच व्हिडिओ झिप करून काही हाती लागत नाही. तिथे पिळायला काही उरलेलंच नसतं.

फोनने ते कसं केलं हे दोन मिनिटांत समजून घेतलं, तर पुढच्या सगळ्या सेटिंग आपोआप उलगडतात. कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक अख्खी फ्रेम साठवतो, तिला कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेमसाठी ‘हा तुकडा तिकडे सरकला, एवढा फरक पडला’ इतकंच लिहून ठेवतो. आजी खुर्चीत बसली आहे, मागे भिंत आहे, फोन कशावर तरी टेकवलेला आहे. भिंत एकदा लिहिली की पुढचे कित्येक सेकंद ‘आहे तशीच’ म्हणून भागतं. बिट खर्च होतात ते ओठ, हात, पदर यांच्यावर. त्यामुळे अशी बैठी मुलाखत कोडेकसाठी जवळजवळ मेजवानी असते. लग्नातला नाच किंवा पावसात हलणारं झाड असतं, तर मी १ जीबीचं आश्वासन दिलं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे फोनला घाई असते. त्याला सेकंदाला तीस फ्रेम तिथल्या तिथे उरकायच्या असतात, बॅटरी सांभाळून. म्हणून तो सैल हाताने बिट उधळतो. तुमच्या संगणकाला घाई नाही. तो एकेका फ्रेमवर विचार करू शकतो, आणि तीच क्वालिटी कमी बिटमध्ये बसवू शकतो.

साधन म्हणाल तर हँडब्रेक. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही. फक्त ते त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, आणि तिथे दिलेला चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा, जुळवून पाहा. हे मी उगाच सांगत नाही. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्या एका डाउनलोड मिरर सर्व्हरवरची मॅक आवृत्ती कुणीतरी बदलून ठेवली होती, आणि त्या चार-पाच दिवसांत तिथून उतरवून घेणाऱ्यांच्या यंत्रात प्रोटॉन नावाचं मालवेअर शिरलं. चेकसम जुळवणाऱ्याला ते लगेच कळलं असतं. ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची सवय आहे त्यांनी एफएफएमपेग वापरावं. मी स्वतः बहुतेक वेळा तेच वापरतो, पण एकदाच करायच्या कामासाठी ते शिकत बसायची गरज नाही.

फाइल हँडब्रेकमध्ये टाका आणि ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, निवडा. तो आयताच समोर असतो. त्याने रिझोल्यूशन ४के वरून १०८०पी वर येतं, पिक्सेल एक चतुर्थांश होतात. इथे काही जणांचा जीव कळवळतो. पण नातेवाईक ही मुलाखत फोनवर किंवा लॅपटॉपवर बघणार, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाबतीत तिथे ४के आणि १०८०पी ओळखू येत नाही. उलट चार पिक्सेलचा एक करताना दाणेदारपणा थोडा विरतो आणि चित्र नितळ दिसतं. ४के तसंच ठेवून बिटरेट पावणेतीन मेगाबिटवर आणण्यापेक्षा १०८०पी ला तेवढाच बिटरेट देणं हे मी डोळे मिटून निवडेन.

मग ‘व्हिडिओ’ पान उघडा. इथे दोन रस्ते असतात: सरासरी बिटरेट ठरवून द्यायचा, किंवा क्वालिटी ठरवून द्यायची. बहुतेक जण पहिला निवडतात, कारण साइज आधी कळते. मी जवळजवळ नेहमी दुसरा निवडतो. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ मध्ये आरएफ नावाचा आकडा असतो. एफएफएमपेगमध्ये त्यालाच सीआरएफ म्हणतात. आकडा लहान तितकी क्वालिटी जास्त आणि फाइल मोठी. एच.२६४ (एच.२६५ च्या आधीचा कोडेक) साठी १८ च्या आसपास मूळ आणि प्रत यात फरक काढणं डोळ्याला अवघड जातं. १०८०पी साठी २० ते २४ हा वापरायचा पट्टा. आकडा सहाने वाढवला की साइज साधारण निम्मी होते, सहाने कमी केला की दुप्पट. एवढं लक्षात ठेवलं की चाचपडावं लागत नाही. तुमच्यासाठी २१ पासून सुरुवात करा.

एक घोटाळा मात्र वारंवार दिसतो. लोक एच.२६४ चा आकडा उचलून एच.२६५ ला देतात. हे आकडे एका मापाचे नाहीत. एच.२६४ ची फाइल बनवणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरचा मूळ आकडा २३ आहे, एच.२६५ च्या एक्स२६५ चा २८, आणि एव्ही१ या आणखी नव्या कोडेकच्या पट्ट्या तर ६३ पर्यंत जातात. दुसऱ्याने सांगितलेला आकडा घेताना कुठल्या एन्कोडरचा, हे आधी विचारा.

त्याच पानावर ‘एन्कोडर प्रीसेट’ ची पट्टी असते. ती ‘स्लो’ कडे सरकवा. वेळ वाढतो, पण कोडेक जास्त नीट शोधतो आणि त्याच क्वालिटीला फाइल लहान होते. ‘व्हेरी स्लो’ च्या पलीकडे वेळ खूप जातो आणि हाती फारसं लागत नाही. एन्कोडरच्या यादीत एनव्हिडियाचा एनव्हेंक, इंटेलचा क्विकसिंक, ॲपलचा व्हिडिओटूलबॉक्स अशी ग्राफिक्स चिपवर चालणारी नावं दिसतील. वेगाने काम होतं म्हणून ती मोहात पाडतात. पण त्यांच्यात फोनसारखीच घाई असते. त्याच साइजला सॉफ्टवेअर एन्कोडरपेक्षा चित्र जरा कमी पडतं. शेकडो फाइल हातावेगळ्या करायच्या असतील तर घ्या. एकाच मुलाखतीसाठी नको.

एच.२६४ की एच.२६५? पहिला २००३ चा, दुसरा २०१३ चा. दुसरा तेवढ्याच क्वालिटीला बरीच कमी जागा घेतो, पण जुन्या टीव्हीवर, जुन्या फोनवर आणि काही विंडोज संगणकांवर तो सरळ उघडत नाही. २०१८ चा एव्ही१ आणखी काटकसरी, आणि जुन्या यंत्रांशी त्याचं आणखी कमी जमतं. नातेवाइकांत कुणाकडे काय यंत्र आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. ‘आवाज येतोय, चित्र काळं दिसतंय’ असे चार फोन आले की वाचलेल्या दोनशे एमबीचं कौतुक संपतं. पाठवायच्या प्रतीसाठी एच.२६४, एमपी४ डब्यात (फाइलच्या प्रकारात). स्वतःच्या साठ्यासाठी हवं तर एच.२६५.

फ्रेम रेट ‘सेम ॲज सोर्स’ वर ठेवा. फोन प्रकाश कमी-जास्त झाला की फ्रेम रेट हळूच खालीवर करतात. एखादं जुनं एडिटर ते गृहीत धरत नाही आणि मग चाळिसाव्या मिनिटाला ओठ पुढे, आवाज मागे. हँडब्रेक ते सांभाळून घेतं, पण तुम्ही मध्येच दुसऱ्या कशातून फाइल फिरवली असेल तर शेवटची पाच मिनिटं जरूर पाहा. सुरुवातीला सगळं जुळलेलंच दिसतं.

तुमचा फोन गेल्या काही वर्षांतला असेल तर आणखी एक खोच: व्हिडिओ एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणारा, असू शकतो. आयफोन १२ पासून पुढे तर तो डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकारात रेकॉर्ड होण्याची व्यवस्था असते. असा व्हिडिओ साध्या ८ बिट एच.२६४ मध्ये नीट रूपांतर न करता कोंबला की रंग धुतल्यासारखे फिके पडतात, आणि लोक म्हणतात कॉम्प्रेशनने रंग खाल्ले. कॉम्प्रेशनचा त्यात दोष नसतो. असं दिसलं तर हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’ पानावर रंगावकाश (कलरस्पेस) बदलून तो बीटी.७०९, म्हणजे साध्या एचडी व्हिडिओचा, करून पाहा. तेही जमलं नाही तर एच.२६५ चा १० बिट प्रकार निवडा आणि जुन्या यंत्रांचा विचार सोडा.

आवाजाला हात लावू नका. ४८ मिनिटांचा आवाज १२८ किलोबिटने सुमारे ४६ एमबी होतो. तो निम्मा केला तरी ८ जीबीतले २३ एमबी वाचणार आणि आजीचा आवाज मात्र डब्यातून आल्यासारखा होणार. ‘ऑडिओ’ पानावर एएसी पासथ्रू निवडा, म्हणजे मूळ आवाज जसाच्या तसा उचलून नव्या फाइलमध्ये ठेवला जातो. चित्र थोडं मऊ असलं तर माणसं विसरतात. शब्द कळला नाही तर व्हिडिओ बंद करतात.

आता दाण्यांबद्दल, कारण साइज न कमी होण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. संध्याकाळी, एका दिव्याच्या उजेडात शूट केलं असेल तर भिंतीवर बारीक किडे वळवळल्यासारखे दिसतात. कोडेकला ती हालचाल वाटते. प्रत्येक फ्रेममध्ये भिंत नव्याने लिहावी लागते, आणि आरएफ तोच ठेवूनही फाइल दुप्पट निघते. अशा वेळी ‘फिल्टर्स’ मध्ये डीनॉइज आहे, त्यातला एनएलमीन्स ‘अल्ट्रालाइट’ किंवा फार तर ‘लाइट’ लावा. त्याच्या पुढे जाऊ नका. ‘स्ट्राँग’ लावलं की भिंत गुळगुळीत होते खरी, पण आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसल्या जातात, आणि मग मेणाची बाहुली बोलताना दिसते. ज्यासाठी मुलाखत घेतली तेच गेलं, तर साइज वाचवून करायचं काय?

पूर्ण ४८ मिनिटं चालवण्याआधी मधलं एक मिनिट काढून बघा. हँडब्रेकमध्ये ‘रेंज’ सेकंदांवर ठेवून एवढाच तुकडा करता येतो. ज्यात आजी हातवारे करते, हसते, तो तुकडा घ्या. शांत बसलेला घेतला तर अंदाज फसतो. त्या मिनिटाची साइज गुणिले ४८, हा तुमचा एकूण अंदाज. मिनिटाला २० एमबीच्या आत आलात की काम झालं. अशा बैठ्या, उजेडातल्या मुलाखती माझ्याकडे आरएफ २१-२२ ला बहुतेक वेळा १ जीबीच्या आत बसल्या आहेत. जास्त आलं तर २३ करा, कमी आलं तर २० करून क्वालिटी वाढवून घ्या.

आणि तपासताना फ्रेम थांबवून, चारपट मोठी करून डाग शोधू नका. असं कुणी बघत नाही. पूर्ण पडद्यावर, नेहमीच्या अंतरावरून, चालू व्हिडिओ बघा. नजर तीन जागी ठेवा: केसांची कड, अंधारा कोपरा, आणि भिंतीवरची हळूहळू गडद होत जाणारी छटा. कोडेक आधी अंधारातच कंजूषपणा करतो; छटेच्या जागी पायऱ्या दिसल्या की आरएफ दोनने खाली आणा. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलेलं व्हीमॅफ नावाचं मोजमाप आहे, ते प्रतीला शंभरपैकी गुण देतं. हजारो फाइल असतील तर उपयोगी. एका आजीसाठी तुमचे डोळे पुरेत.

कुणाला १०० एमबीच्या मर्यादेतच पाठवायची असेल, तर गणित निर्दय आहे: सेकंदाला पावणेतीनशे किलोबिट, त्यातच आवाजही. चेहरा चौकोनी होणार. त्यापेक्षा फक्त आवाज काढून पाठवा. ६४ किलोबिटने तो २३ एमबी होतो, स्पष्ट ऐकू येतो, आणि चेहरा कुणाच्या हाती जातच नाही.

आता खासगीपणाचा अवघड भाग. क्लाउडवर न चढवणं म्हणजे अर्धंच काम. उरलेलं फाइलच्या आत दडलेलं असतं.

फोनला लोकेशनची परवानगी असेल, तर तो व्हिडिओमध्ये अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो, दशांश चिन्हानंतर चार अंकांपर्यंत. चौथा अंक म्हणजे जमिनीवर सुमारे अकरा मीटर. म्हणजे कुठलं घर, हे कळतं. सोबत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल. काही ॲक्शन कॅमेरे तर वेगळ्या ट्रॅकमध्ये प्रवासाचा अख्खा माग साठवतात. नव्याने एन्कोड केलं की हे आपोआप पुसलं जातं असं समजू नका. एफएफएमपेग सामान्य मेटाडेटा, म्हणजे फाइलबद्दलची ही दडलेली माहिती, स्वतःहून पुढे नेतं. तो काढून टाकायचा तर मॅप-मेटाडेटा हा पर्याय उणे एक करावा लागतो. हँडब्रेकमध्ये मेटाडेटा पुढे नेण्याची खूण दिसली तर काढा. मग तयार झालेली फाइल मीडियाइन्फो किंवा एक्झिफटूल या मेटाडेटा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि स्वतः वाचा. दोन्ही तुमच्याच यंत्रावर चालतात. फाइलचं नावही बघा. फोन त्यात तारीख-वेळ घालतो, आणि आपण स्वतः ‘आजी_जमीन_वाद_अंतिम’ असं काहीतरी ठेवून बसतो.

इथे एक उलटा गैरसमज आहे. मेसेजिंग ॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं तर ॲप तो पुन्हा चेपतं आणि क्वालिटी जाते, म्हणून जाणकार ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ सांगतात. क्वालिटीसाठी सल्ला बरोबर आहे. पण डॉक्युमेंट बाइटन् बाइट जसंच्या तसं जातं, म्हणजे लोकेशनही जातं. आधी साफ करा, मग पाठवा. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन वाटेतल्या माणसापासून वाचवतं. पाकिटात आपणच ठेवलेला पत्ता ते काढून घेत नाही.

याहून धोक्याची एक जागा आहे आणि ती मी स्वतः पाय घसरून शिकलो. एका बैठकीच्या रेकॉर्डिंगचा सुरुवातीचा भाग कापून पाठवायचा होता. कॅमेरा सुरू झाल्यावर दोघांचं खासगी बोलणं त्यात आलं होतं. मी घाईत ‘कॉपी’ पद्धतीने कापलं, म्हणजे पुन्हा एन्कोड न करता. क्षणात झालं, क्वालिटी शाबूत, माझ्या प्लेअरमध्ये सुरुवात अगदी बरोबर. समोरच्याने ती फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि मला कळवलं की सुरुवातीला काही सेकंद जास्तीचे दिसतायत. कारण साधं आहे. असं कापताना सुरुवात कीफ्रेमवरूनच करावी लागते. तुम्ही सांगितलेली जागा दोन कीफ्रेमच्या मध्ये असेल, तर आधीच्या कीफ्रेमपासूनच्या फ्रेम फाइलमध्ये राहतात, आणि एमपी४ मध्ये ‘इथून दाखव’ अशी सूचना लिहिली जाते. तिला एडिट लिस्ट म्हणतात. सभ्य प्लेअर ती पाळतो. बाकीच्यांवर तशी सक्ती नाही. तेव्हापासून नियम केला: वेळ वाचवायला कापायचं असेल तर कॉपी चालेल, लपवायला कापायचं असेल तर पुन्हा एन्कोड करायचंच. तुम्ही तसंही एन्कोड करणारच आहात, तर काप त्याच फेरीत हँडब्रेकच्या रेंजमधून द्या.

फोनच्या गॅलरीतल्या ‘ट्रिम’ चंही तसंच. काही ॲप मूळ व्हिडिओ जपून ठेवतात आणि वरून फक्त बदल नोंदवतात, म्हणजे हवं तेव्हा परत जाता येतं. सोय म्हणून उत्तम. पण तुमची खात्री निर्यात केलेल्या नव्या फाइलवर असावी, गॅलरीत दिसतंय त्यावर नाही.

मुलाखतीत एखादा कागद, चेहरा किंवा फोन नंबर झाकायचा असेल, तर पुसट करू नका, काळी पट्टी टाका. बारीक चौकोनांनी झाकलेले आकडे कितीतरी फ्रेम एकत्र करून ओळखता येण्याची शक्यता असते; काळ्या पट्टीखाली काहीच उरत नाही. नाव बोललं गेलं असेल तर तेवढा आवाजही बंद करा. आरसा, कपाटाची काच, भिंतीवरचं कॅलेंडर, हेही एकदा बघून घ्या.

याच्या पुढच्या थराला कॅमेऱ्याच्या सेन्सरचा ठसा येतो. जेसिका फ्रिड्रिख आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक सेन्सरचा बारीक गोंगाट वेगळा असतो आणि त्यावरून कॅमेरा ओळखता येतो. कॉम्प्रेशनने हा ठसा पुसट होतो, पण नक्की जातो असं म्हणवत नाही. कौटुंबिक मुलाखतीला याची चिंता नको. कुणाच्या जिवाशी गाठ असलेलं रेकॉर्डिंग असेल, तर मात्र माझ्या उत्तरावर थांबू नका.

संगणक हाताशी नाही, फोनवरच करायचं असेल, तर ॲप बसवा, विमान मोड लावा आणि मग एन्कोड करून पाहा. जे ॲप तेव्हा ‘इंटरनेट नाही’ म्हणून अडतं, ते काम तुमच्या फोनवर करत नाही. ब्राउझरमध्येच काम करणारी काही पानंही आहेत, त्यांनाही हीच कसोटी: पान उघडा, वायफाय तोडा, मग फाइल निवडा, आणि काम झाल्यावर पान बंद करूनच वायफाय जोडा. पण ब्राउझरला मेमरीची मर्यादा असते. ८ जीबीची फाइल तिथे सहसा गुदमरते.

पाठवताना फाइल सेव्हन-झिपने ७झेड प्रकारात पासवर्ड लावून बंद करा आणि ‘फाइलची नावंही एन्क्रिप्ट करा’ ही खूण लावा. साध्या झिपमध्ये आतली नावं उघडी दिसतात. झिपने साइज कमी होत नाही असं वर म्हटलंय ते खरंच, इथे ते कुलूप म्हणून आहे. पासवर्ड दुसऱ्या वाटेने सांगा. फोन करून सांगितलात तर सगळ्यात बरं. त्यानंतर नातेवाइकाच्या फोनची गॅलरी ती फाइल आपोआप त्याच्या क्लाउडवर चढवेल की नाही, हे मात्र त्यालाच विचारावं लागेल. तिथवर तुमचा हात पोचत नाही.

मूळ ८ जीबीची फाइल काढून टाकू नका. पुन्हा लहान करायची वेळ आली, की ती मूळ फाइलवरूनच करायची. लहान केलेल्या प्रतीची आणखी लहान प्रत काढली की प्रत्येक फेरीत थोडं थोडं झिजतं, आणि गेलेलं परत येत नाही. बाहेरच्या ड्राइव्हवर बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट किंवा व्हेराक्रिप्टने कुलूप लावून ठेवा, आणि दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी. फोनमधून ती काढण्याआधी दोन्ही प्रती शेवटपर्यंत चालतात का हे बघा. मी एकदा न बघता काढली होती, आणि कॉपी करताना तुटलेली फाइल एकतिसाव्या मिनिटाला थांबत होती.

पुढच्या बैठकीला कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी बंद ठेवा आणि फोन १०८०पी, ३० फ्रेमवर. त्याच फोनवर तो मिनिटाला साधारण ६० एमबी घेतो, म्हणजे तेवढीच मुलाखत ३ जीबीच्या आत. खिडकी आजीच्या मागे न ठेवता समोर ठेवा, आणि फोन हातात न धरता कशावर तरी टेकवा. हातातला फोन हलतो, मग भिंतही हलते.